टियरगार्टनस्ट्रासे ४

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, नाझींनी मारलेल्या अपंग आणि मनोरुग्ण माणसांचे बर्लिनमधले स्मारक व्हायला २०१४ साल का उजाडावे लागले, असे तुम्ही फोनवर विचारलेत. तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

या हत्यांचा सगळा कारभार बर्लिनमधल्याच टियरगार्टनस्ट्रासे ४ या पत्त्यावरच्या एका बंगल्यातून चाले. देशभरातल्या मनोरुग्णालयांकडून छापील अर्ज भरून मागवले जात. त्यात आजार कोणता, किती वर्षे दाखल, काम करता येते की नाही, असे रकाने असत. माणसाला न पाहताच तीन डॉक्टर त्यावर खूण करीत: लाल अधिक म्हणजे मृत्यू, निळे वजा म्हणजे जीवदान. तुम्ही जन्मभर सरकारी फायलींवर शेरे मारलेत, तेव्हा यातले भीषणपण माझ्याहून तुम्हालाच अधिक कळेल. ऑगस्ट १९४१ पर्यंत सहा केंद्रांत विषारी वायूने ७०,२७३ माणसे मारल्याची नोंद त्यांच्याच हिशेबात आहे. पुढेही उपासमारीने आणि औषधांनी माणसे मारली जातच राहिली. युद्धानंतर यातले अनेक डॉक्टर सुखेनैव व्यवसाय करीत राहिले, आणि घराण्याला बट्टा लागेल या धास्तीने कुटुंबेही गप्प बसली. उशिराचे कारण मुख्यतः हेच.

आई, तुला एल्फ्रीडे लोझे-वेख्टलर या चित्रकर्तीविषयी सांगायचे आहे. १८९९ मध्ये ड्रेस्डेनला जन्मलेली ही बाई १९२९ मध्ये हॅम्बुर्गच्या मनोरुग्णालयात काही आठवडे होती, आणि तिथे तिने सोबतच्या रुग्ण बायकांची कितीतरी चित्रे काढली. त्यांत ना कीव आहे ना भेसूरपणा. कोणी थकलेली, कोणी आपल्याच विचारांत गढलेली, कोणी चित्र काढणारीवरच रागावलेली. पुढे तिला अर्न्सडॉर्फच्या रुग्णालयात ठेवण्यात आले, १९३५ मध्ये तिची जबरदस्तीने नसबंदी केली गेली, आणि त्यानंतर तिची चित्रकला थांबली. ३१ जुलै १९४० रोजी त्या सहा केंद्रांपैकी पिर्ना-सोनेनश्टाइन येथे तिला मारले, आणि कागदावर न्यूमोनिया लिहिला. लाल-निळ्या खुणांच्या त्या अर्जांना तिच्या रुग्ण बायकांच्या चित्रांहून चोख उत्तर मला तरी ठाऊक नाही, आणि ते अर्ज छापले जाण्याच्या दहा वर्षे आधीच तिने देऊन ठेवले होते.

डोरोथिया बुक ही दुसरी एक रुग्ण मात्र जिवंत राहिली. १९३६ मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, तिचीही नसबंदी केली गेली. शस्त्रक्रिया कसली होती हे तिला डॉक्टरांकडून नव्हे, तर एका सहरुग्णाकडून कळले. त्यामुळे बालवाडी शिक्षिका होण्याची वाट बंद झाली, तेव्हा ती शिल्पकार झाली, आणि १०२ वर्षांच्या आयुष्यात या अत्याचाराविषयी आणि मनोरुग्णांच्या हक्कांविषयी अखंड बोलत राहिली.

स्मारकाची ती चोवीस मीटर लांबीची निळी काच देखणी आहे, पण मला जरा जास्तच नेटकी वाटली. त्याहून होर्स्ट होहाइझेल आणि आंद्रेआस क्निट्झ या कलाकारांच्या काँक्रीटच्या करड्या बसगाड्या मनात राहिल्या. रुग्णांना मारायला नेणाऱ्या गाड्यांच्याच आकाराच्या या बस मधोमध चिरलेल्या आहेत, आणि आत ‘आम्हाला कुठे नेता आहात?’ हा प्रश्न कोरलेला आहे. एक बस रावेन्सबुर्गजवळच्या वाइसेनाऊ रुग्णालयाच्या जुन्या फाटकात कायमची उभी आहे, तर दुसरी गावोगाव फिरते. हीच फिरती बस २००८ मध्ये टियरगार्टनस्ट्रासे ४ समोर वर्षभर उभी होती. सरकारी स्मारक झाले ते त्यानंतर सहा वर्षांनी.

तुमची,
मेधा