हफिंग्टनबाईंची गोष्ट पूर्ण छापा

संपादक महोदय,

परदेशात जाऊन नाव काढलेल्या बायकांवर पेपरांच्या पुरवण्यांमध्ये लेख येतात ते मी आवर्जून वाचते, पत्रकारिता शिकणाऱ्या मुलींना कात्रणंही देते. पण अमेरिकेत हफिंग्टन पोस्ट ही बातम्यांची वेबसाइट काढणाऱ्या आरियाना हफिंग्टन यांच्याबद्दल जिथे वाचावं तिथे तेच, जिद्द, यश, आणि २००७ला कामाच्या ताणाने कोसळल्या, गालाचं हाड मोडलं, म्हणून आता जगाला झोपेचं महत्त्व सांगतात. एवढीच का गोष्ट आहे?

बाई १९५०च्या, अथेन्सच्या. वडील पत्रकार, जर्मनांच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये चोरून पेपर काढला म्हणून छळछावणीत गेलेले. आईवडील वेगळे झाले, घरात पैशाची ओढाताण, आणि मुलीने मासिकात केंब्रिजचा फोटो बघून तिथेच शिकायचं ठरवलं तर सगळे म्हणाले काहीतरीच काय. आईने मात्र स्वस्तातली विमानाची तिकिटं काढली, दोघी केंब्रिजला गेल्या, ना कुणाला भेटल्या ना अर्ज केला, पावसात नुसत्या फिरल्या आणि परत आल्या, पोरीला जागा डोळ्यांनी दिसावी एवढ्यासाठी. मला ही आई फार मोठी वाटते. पुढे मुलगी गर्टन कॉलेजात शिकली आणि इंग्रजी बोलण्यात ग्रीक हेल असूनही १९७१ला केंब्रिज युनियन या तिथल्या वादविवाद मंडळाची अध्यक्ष झाली.

पहिलं पुस्तक गाजलं, दुसरं ३६ प्रकाशकांनी परत पाठवलं. पैसे संपले तेव्हा लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरून जाताना दिसलेल्या बँकेत त्या सरळ शिरल्या आणि मॅनेजरकडे कर्ज मागितलं, तारण काही नव्हतं तरी त्याने दिलं, म्हणून तर लिहिणं सुरू राहिलं आणि १९८०ला अमेरिका गाठता आली. जिद्दीवर रकानेच्या रकाने भरतात पण या मॅनेजरवर दोन ओळीसुद्धा नसतात. आपल्याकडे सॅलरी स्लिप नसलेल्या लिहिणाऱ्या मुलीला कोण कर्ज देतंय सांगा.

आता खरा मुद्दा. मे २००५मध्ये त्यांनी केनेथ लेरर, जोना पेरेटी वगैरेंबरोबर हफिंग्टन पोस्ट सुरू केलं आणि २०११मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने ते ३१.५ कोटी डॉलरला घेतलं. तिथे हजारो लोक ब्लॉग लिहायचे, फुकट. विक्रीनंतर जोनाथन टासिनी या ब्लॉगरने सगळ्यांच्या वतीने १०.५ कोटी डॉलरचा दावा लावला, २०१२मध्ये कोर्टाने तो फेटाळला, कारण पैसे मिळणार नाहीत हे माहीत असूनच या लोकांनी लिहिलं होतं. कायद्याने बरोबर असेल, पण ज्यांच्या लिखाणाने साइटवर वर्दळ वाढली त्यांना विक्रीतला एक डॉलरही मिळू नये हे मला पटत नाही, आणि बाईंबद्दल आदर असूनही हे लिहिलंच पाहिजे असं वाटतं. त्याच वर्षी हफिंग्टन पोस्टला पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं ते डेव्हिड वुड यांच्या, युद्धात जबर जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांवरच्या दहा भागांच्या मालिकेला, आणि वुड पगारी बातमीदार होते. पगार चालू असला की माणूस एका विषयाच्या मागे महिनोन्‌महिने लागू शकतो.

हे मी पोटतिडकीने लिहितेय कारण इथेही तेच चाललंय. मी स्वतः एका पोर्टलसाठी लिहायचे, मानधन विचारलं की "नाव होतंय ना तुमचं" हे उत्तर. नावाने गॅस सिलेंडर येत नाही हो. मुली सहा महिने वर्षभर असं लिहितात आणि मग घरचे म्हणतात बी.एड. कर.

तेव्हा हफिंग्टनबाईंवर जरूर लिहा, पण बँकेच्या कर्जासकट आणि टासिनींच्या दाव्यासकट लिहा. आणि एक विनंती, तुमच्या पुरवणीत बाहेरून लिहिणाऱ्यांना शब्दामागे किती मानधन मिळतं आणि किती दिवसांत मिळतं ते पुरवणीतच एका चौकटीत छापाल का?

आपली,
एक मुक्त पत्रकार, सातारा