वार्षिक सर्वसाधारण सभेबाबत सर्व सभासदांना सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

आपल्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा येत्या रविवारी सकाळी 10 वाजता गच्चीवर होईल. विषयपत्रिका 14 दिवसांपूर्वीच प्रत्येक घरी पोहोचवली आहे. कायद्यानुसार ही सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते.

एक गैरसमज वारंवार कानावर येतो, की "कमिटी ठरवेल ते." तसे नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. कमिटी पाच वर्षांसाठी निवडून येते आणि उपविधींच्या (संस्थेच्या नियमावलीच्या) चौकटीत रोजचा कारभार पाहते. लेखापरीक्षकाची नेमणूक, मोठ्या दुरुस्तीचा खर्च, मेंटेनन्सचे दर हे सगळे सभेनेच ठरवायचे. यंदा गळती आणि लिफ्टचा विषय आहे, त्यासाठी सिंकिंग फंडाला (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या राखीव निधीला) हात लावायचा का, हे मोजक्या लोकांनी ठरवणे मला योग्य वाटत नाही.

गणपूर्तीसाठी (म्हणजे सभेला आवश्यक किमान उपस्थितीसाठी) दोन तृतीयांश किंवा 20 सभासद, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे चारच जण आले तरी निर्णय सर्वांवर बंधनकारक!

एका सदनिकेला एकच मत. सहमालक असल्यास भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) पहिले नाव असलेल्यांनी यावे. ते येणार नसतील तर सहयोगी सभासदाने त्यांचे लेखी संमतिपत्र आणावे.

हिशेबपत्रके कार्यालयात पाहायला ठेवली आहेत. शंका असल्यास शुक्रवारपर्यंत लेखी द्याव्यात, म्हणजे सभेत कागदपत्रांसह उत्तर देता येईल.

आपला,
सचिव