वॉर्डातल्या सिस्टरला अधिकार द्या, बदल टिकेल: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

मी पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. वॉर्डात सगळे आम्हाला इन्चार्ज सिस्टर म्हणतात. माझी विनंती एकच आहे. नर्सिंगच्या कामात काहीही बदलायचे असेल, तर ते ठरतानाच अधिसेविकांना, म्हणजे रुग्णालयाच्या मेट्रनना, आणि वॉर्डांच्या इन्चार्जना सोबत घ्या आणि त्यांना निर्णयाचा लेखी अधिकार द्या. आज त्यांच्या हाती पडते ते तयार परिपत्रक.

आमच्या मेडिसिन वॉर्डात नोंदी संगणकावर करायचे ठरले. हेतू चांगलाच होता. कोणते औषध कधी दिले, कोणी दिले, हे एका जागी दिसले असते. पण वॉर्डाला संगणक एकच, तोही डॉक्टरांच्या टेबलावर. रात्रपाळीला दोन सिस्टर, आणि कॉट भरल्यावर जमिनीवर गाद्या टाकून ठेवलेले पेशंट. पहाटेची इंजेक्शने, शुगर, बीपी, इनटेक-आउटपुट (पोटात किती गेले, लघवी किती झाली) उरकून मुली संगणकापाशी पोहोचायच्या तोवर हँडओव्हरची, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंटची माहिती सोपवण्याची, वेळ झालेली असे. जुनी रजिस्टरे बंद करण्याचा आदेश कोणीच काढला नव्हता, म्हणून प्रत्येक नोंद दोनदा. मग ऑडिट आले, की मागच्या तारखांच्या नोंदी बसून भरायच्या. पावणेसातला दिलेले औषध संगणकात सहाला दिलेले दिसे. अहवालात अंमलबजावणी पूर्ण झाली आणि बैठकीत शेरा आला, ‘नर्सिंग स्टाफचा बदलाला विरोध आहे.’ तो शेरा माझ्या जिव्हारी लागला.

कारण त्याच वॉर्डात आमच्या मुलींनी स्वतःहून एक बदल आणला होता. हँडओव्हर टेबलापाशी रजिस्टर वाचून व्हायचा, तो त्यांनी सीरियस पेशंटच्या कॉटपाशी नेला. येणारी आणि जाणारी, दोघी मिळून पेशंटला कुशीवर वळवायच्या, पाठ लाल झाली आहे का पाहायच्या, कॅथेटर (लघवीची नळी) कधी घातला ते विचारायच्या, सलाईनचा वेग तपासायच्या. ‘रात्रभर लघवी झाली नाही’ हे नातेवाईक तिथल्या तिथे सांगायचे. अडचण एकच होती. कामाला वेळ जास्त लागे आणि नाईट संपवून निघणाऱ्यांची बस चुकायची. अधिसेविकांनी पाळीच्या वेळा थोड्या मागेपुढे करून दिल्या, पण तोंडी. त्या बदलून गेल्या, प्रभारी आल्या, आणि लेखी काही नाही म्हणून सगळे पुन्हा टेबलापाशी आले.

एम.एस्सी. नर्सिंगच्या वर्गात मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी सांगितलेले बदलाचे तीन टप्पे शिकवतात: जुनी घडी सैल करा, बदल करा, मग तो पक्का करा. तिसरा टप्पा पार पाडायला कोणीतरी जागेवर टिकावे लागते आणि त्याच्या सहीला किंमत असावी लागते. प्रभारी कार्यभारावर चालणाऱ्या खुर्चीकडून ते कसे व्हावे?

मनुष्यबळाचे तर आपण जाणताच. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, शिवाय रजेसाठी तीस टक्के जादा, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा आला. पण रुग्णालयाच्या बैठकीत अधिसेविकेच्या शब्दाला किती वजन असावे, हे आपल्या खात्याने ठरवायचे आहे.

दरवर्षी १२ मे रोजी, परिचारिका दिनी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या फोटोला हार घातला जातो. १८५४ मध्ये, क्रिमियन युद्धात, त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या, तेव्हा तिथल्या परिचारिकांचा कारभार ब्रिटिश सरकारने अधिकृतपणे त्यांच्याकडे सोपवला होता. भाषणांत त्यांच्या दिव्याची गोष्ट येते, त्या अधिकाराची येत नाही.

म्हणून अधिसेविकांची आणि परिसेविकांची रिक्त पदे आधी नियमित भरा. कोणतीही नवी पद्धत पहिल्यांदा एकाच वॉर्डात चालवून पाहा, आणि तोवर तिथल्या इन्चार्जची बदली करू नका. नवी नोंद सुरू होईल त्याच आदेशात कोणते रजिस्टर कोणत्या तारखेला बंद, हे लिहा. आणि पुण्याला याल तेव्हा ससून रुग्णालयाच्या एखाद्या वॉर्डात रात्रपाळीच्या हँडओव्हरला, सकाळी, ताफा बाहेर ठेवून उभे राहा. काय बदलायला हवे, ते तिथल्या सिस्टर तुम्हाला नेमके सांगतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, पुणे