फ्रेडीच्या सोलो अल्बमने बँड मोडला नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावर अर्धे पान आले, आनंद झाला. आमच्या वाईहून पसरणी घाट चढला की पाचगणी आलीच, आणि त्याची शाळा तिथलीच, त्यामुळे या मुलखात त्याच्याविषयी काहीही छापून आले की कात्रणे निघतात. पण लेखात 'मिस्टर बॅड गाय' या त्याच्या पहिल्या सोलो अल्बमची दोन ओळींत बोळवण झाली आहे : पैशाच्या मोहाने बँड सोडला, अल्बम काढला, तो आपटला, आणि मग पश्चात्ताप होऊन स्वारी १९८५ च्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या जलशासाठी परतली. ही हकिगत २०१८ च्या 'बोहेमियन रॅप्सडी' या चित्रपटातली आहे. पडद्यावर ती शोभते, वर्तमानपत्रात इतिहास म्हणून नाही.

क्वीनमधला पहिला सोलो अल्बम मुळात फ्रेडीचा नव्हेच. ड्रमर रॉजर टेलरने १९८१ मध्ये 'फन इन स्पेस' काढला, १९८४ मध्ये दुसराही. गिटारवाला ब्रायन मे १९८३ मध्ये बाहेरचे वादक जमवून 'स्टार फ्लीट प्रोजेक्ट' करून मोकळा झाला. फ्रेडीचा नंबर लागला एप्रिल १९८५ मध्ये. त्या वर्षी जानेवारीत क्वीन रिओच्या महोत्सवात होते, एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात, मे महिन्यात जपानमध्ये. म्हणजे अल्बम दुकानात आला त्या सुमारास हा तथाकथित फुटीर गायक बँडमधल्या त्याच तिघांबरोबर स्टेजवर उभा होता. मग १३ जुलैला 'लाइव्ह एड'साठी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर तो परत आला म्हणायचे, तर गेला कुठे होता?

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत आयुष्य काढले. सातारा, कराड, कोल्हापूर, गणपतीत एका रात्री दोन-दोन सुपाऱ्या. आमच्या मुख्य गायकाने एका वर्षी भक्तिगीतांची स्वतःची कॅसेट काढली. मालकाचे तोंड आठवडाभर वाकडे होते, एवढेच. त्या कॅसेटवर कीबोर्ड मीच वाजवला, ढोलकीही आमच्याच माणसाची, आणि दसऱ्यानंतरच्या तारखा ठरल्याप्रमाणे पार पडल्या. मेळ्यात, बँडमध्ये, ऑर्केस्ट्रात हे असेच चालते. बाहेरच्यांना त्यात नाटक दिसते.

फ्रेडीला स्वतंत्र अल्बम का हवा होता, हे हिशेबाने कळते. क्वीनमध्ये चौघेही गाणी लिहीत, आणि चौघांचीही गाजत. १९८४ च्या 'द वर्क्स'मध्ये नऊ गाणी आहेत, त्यांतली एकट्या फ्रेडीची तीन. 'मिस्टर बॅड गाय'मध्ये अकरा आहेत आणि अकराही त्याची. म्युनिकला अराबेला हाउस या इमारतीच्या तळघरात म्युझिकलँड नावाचा स्टुडिओ होता. तिथे राइनहोल्ड मॅक या ध्वनिमुद्रकाला बरोबर घेऊन, क्वीनची कामे सांभाळून, त्याने तो सवडीने पुरा केला. मॅक क्वीनचाही जुना माणूस, म्हणजे घर तेच, फक्त चुलीपाशी एकटाच. अर्पणपत्रिकाही त्याच तोऱ्यातली : जेरी नावाच्या मांजराला, मग टॉम, ऑस्कर आणि टिफनी यांना, विश्वातल्या समस्त मांजरप्रेमींना, आणि बाकीचे गेले उडत.

मला हा अल्बम पहिल्यांदा मिळाला तो पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानात एलपीवरून भरून घेतलेल्या कॅसेटवर. कीबोर्डवाल्याच्या कानाला त्यात मेजवानी होती. सत्तरच्या दशकात क्वीनच्या कित्येक रेकॉर्डच्या कव्हरवर, यात सिंथेसायझर वापरलेला नाही, असे मिरवून छापलेले असे. १९८० पासून त्यांनी तो हळूहळू घरात घेतला. इथे मात्र तोच यजमान आहे. ठेका नाचाचा, बास जाड, आणि वर तो आवाज. शीर्षकगीतात याच्या बरोबर उलट : व्हायोलिनांचा खराखुरा ताफा अंगावर येतो आणि फ्रेडी त्या सगळ्यांवर मात करून गातो. आमच्या कॅसिओवर 'स्ट्रिंग्ज'चे बटण दाबून मी तो तुकडा बसवायचा प्रयत्न केला होता. बटणाने ते होत नाही. 'लिव्हिंग ऑन माय ओन'मध्ये तो तराण्यासारखे नुसते बोल फेकतो, अर्थ काही नाही, जिभेची कसरत. मधेच पियानो सुटतो. गाणे एकटेपणाचे, पाय मात्र थांबत नाहीत.

सगळेच सोन्याचे नाही. 'माय लव्ह इज डेंजरस' रेगेच्या चालीत झोकात सुरू होते आणि पुढे भरकटते. 'फूलिन अराउंड' मी पुढे ढकलतो. ब्रायन मे समोर बसला असता तर अशी एकदोन गाणी भांडून बाहेर काढली असती. नाही म्हणणारा माणूस खोलीत असण्याचा हा फायदा. टीका करायचीच तर इथे करा, ती पटेल.

आणि 'आपटला' म्हणजे कुठे? अमेरिकेत तो १५९ व्या क्रमांकापलीकडे गेला नाही, हे खरे. पण ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर होता. बँडच्या कोणा गायकाला पहिल्याच खेपेला सहावा क्रमांक मिळाला तर आपण त्याला अपयशी म्हणू का? अमेरिकेचा आकडा घ्यायचा आणि लंडनचा सोडून द्यायचा, हा सोयीस्करपणा आहे.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडी गेला. १९९३ मध्ये 'लिव्हिंग ऑन माय ओन' नव्या मिक्सिंगमध्ये आले आणि ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर पोचले. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी क्वीनचा 'मेड इन हेवन' हा अल्बम काढला. त्याचे नावच 'मिस्टर बॅड गाय'मधल्या एका गाण्याचे. ते गाणे आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू', ही दोन्ही त्यांनी फ्रेडीचा जुना आवाज तसाच ठेवून आपल्या गिटार-ड्रमसह नव्याने उभी केली. हा अल्बम बँडशी द्रोह असता, तर मित्रांनी तोच उघडून त्यातली गाणी उचलली असती का? वाचकांनी 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू'ची दोन्ही रूपे एकापाठोपाठ ऐकावीत, आता फोनवर सहज मिळतात. पहिल्यात गायक ठेक्याच्या मागे धावतो. दुसऱ्यात रॉजर टेलरचे ड्रम त्याला खाली टेकू देत नाहीत आणि ब्रायन मेची गिटार त्याला उत्तर देते. मला पहिले अधिक आवडते. माझ्या मुलाला दुसरे, आणि त्यावरून आमचे वाजते.

जाता जाता आमच्या भागाचे. १९५५ मध्ये फारूख बलसारा, म्हणजेच फ्रेडी, झांझिबारहून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला तेव्हा आठ वर्षांचा होता. पियानो तो इथेच शिकला आणि 'हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँडही पाचगणीतलाच. चित्रपट आल्यापासून पर्यटक विचारतात, तो कुठे राहायचा, कुठल्या खोलीत झोपायचा. वर्तमानपत्रेही तेवढ्यावरच थांबतात. त्या हेक्टिक्समध्ये तो पियानोवर होता, पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच होता. पियानोवर बसलेला तो मुलगा पुढे एकट्याने अकरा गाणी रचतो तेव्हा त्यात काय करतो, यावर आपल्या पुरवणीत एक लेख यायला हरकत नाही. २०१९ मध्ये हा अल्बम नव्या मिक्सिंगसह पुन्हा निघाला आहे, समीक्षकांना तो शोधावा लागणार नाही.

तूर्त एवढी दुरुस्ती येत्या रविवारी छापावी : 'मिस्टर बॅड गाय' निघाला तेव्हा क्वीन फुटलेले नव्हते, आणि बँडमधला तो पहिला सोलो अल्बमही नव्हता.

आपला,
एक निवृत्त कीबोर्डवादक, वाई (जि. सातारा)