निविदेत नुसते ‘मार्कडाउन’ लिहू नका

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,
स.न.वि.वि.

मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरातच #, * अशा खुणा टाकून शीर्षके, तिरपी अक्षरे, याद्या दाखवण्याची लेखनपद्धत. ‘प्रणालीला मार्कडाउन चालले पाहिजे’ ही अट कुठलाही पुरवठादार पूर्ण करू शकतो, कारण तिला नेमका अर्थच नाही. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन आणले तेव्हा सोबत एक वर्णन आणि त्या खुणांचे एचटीएमएल (वेबपानाची भाषा) करणारी, पर्ल या संगणकभाषेतली स्क्रिप्ट होती. अडनिड्या जागी काय करायचे हे वर्णनात नव्हते. मग प्रत्येकाने आपापले उत्तर काढले. ‘#सूचना’ असे जागा न सोडता लिहिले तर जुनी स्क्रिप्ट शीर्षक करते. मार्कडाउनचे नंतरचे मानक, कॉमनमार्क, ते साधा मजकूर मानते.

कॉमनमार्क हे मानक २०१४ पासून मुख्यतः स्वयंसेवकांनी घडवले. (नाव आधी ‘स्टँडर्ड मार्कडाउन’ होते, ग्रुबर यांच्या आक्षेपानंतर बदलले.) त्यातली साडेसहाशेच्या आसपास उदाहरणे, म्हणजे दिलेला मजकूर आणि अपेक्षित एचटीएमएल, हीच चाचणी असते. मतभेद निघाला की आधी तो दोन-तीन ओळींत पकडायचा, तोच मजकूर निरनिराळ्या रूपांतरकांतून काढून पाहायचा, मग नियमाचे वाक्य आणि उदाहरण सुचवायचे. चर्चा बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर अडते: जुना मजकूर मोडेल का?

आपल्या भाषेला हे थेट भिडते. ‘*शब्द*ला’ तिरपे होते, पण ‘_शब्द_ला’ होत नाही. शब्दाच्या पोटातली अधोरेषा खुणेत धरत नाहीत. ‘**"शब्द"**ला’ यात ठळक अक्षरांसाठीचे तारे तसेच उरतात, कारण बंद करणाऱ्या ताऱ्यांआधी विरामचिन्ह आणि लगेच पुढे अक्षर आहे. नियम शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर बेतलेला. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. आणि ‘१.’ ने यादी सुरूच होत नाही, इंग्रजी अंकच लागतात.

म्हणून निविदेत ‘कॉमनमार्क ०.३१.२, सर्व उदाहरणे उत्तीर्ण’ असे आवृत्तीसह लिहावे. तक्ते मूळ मानकात नाहीत. हवे असतील तर कोणत्या विस्ताराचे, तेही नोंदवावे. विभागाची वेगळी बोली मात्र काढू नये, ती सांभाळायला पाच वर्षांनी कोणी उरत नाही. त्याऐवजी मराठी मजकुरातल्या अडचणी उदाहरणांच्या रूपात या समुदायाकडे पाठवायला कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत मुभा द्यावी. देवनागरी अंकांपासून सुरुवात करता येईल. सोबत ‘१९४७.’ने सुरू होणाऱ्या ओळींचे नमुनेही जोडावेत. अशी ओळ चुकून यादी होईल का, हे तिथे आधी विचारतील.

आपले,
मार्कडाउनचे काम करणारे काही स्वयंसेवक