म्हातारे खेळाडू पैशाने घ्या, ड्राफ्ट पिक देऊन नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी व्हर्जिनियात अॅशबर्नला राहतो. वॉशिंग्टन कमांडर्स या अमेरिकन फुटबॉल टीमचं सरावाचं मैदान आणि ऑफिस आमच्या याच गावात आहे आणि इथे आपली मराठी कुटुंबंही भरपूर, त्यामुळे गणपतीच्या मीटिंगला जमलं तरी अर्धा वेळ या टीमवरच बोलणं होतं. २०२५ चा सीझन ५ जिंका १२ हरा असा वाईट गेला आणि तेव्हापासून सगळीकडे एकच ऐकतोय की म्हातारे गोळा करून टीमची वाट लावली. ऑनलाइन मराठी ग्रुपवर पण तेच, आणि आता तर भारतात रात्री जागून एनएफएल बघणारी पोरंही तेच म्हणतात. मला हे अर्धवट वाटतं. म्हातारे घेणं चूक नव्हतं, त्यांच्यासाठी काय मोजलं ते चुकलं, आणि या शहराच्या टीमचा इतिहास बघितला तर हेच परत परत दिसतं. म्हणून हे पत्र.

आधी २०२४ चं सांगतो कारण ते लोक विसरले. २०२३ ला टीम ४-१३ होती, मालक नवा, मग जनरल मॅनेजर नवा अॅडम पीटर्स, कोच नवा डॅन क्विन, आणि ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात ती निवड, त्यातली एक पाळी म्हणजे पिक) दुसऱ्या नंबरला घेतलेला जेडन डॅनियल्स हा नवाकोरा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून ऑफेन्स चालवणारा. अशा टीममध्ये पीटर्सने बॉबी वॅग्नरला आणलं, सीझनमध्ये ३४ वर्षांचा, आणि झॅक अर्ट्झला, तो पण साधारण तेवढाच. दोघंही फ्री एजंट, म्हणजे जुना करार संपून मोकळे झालेले, दोघंही एका वर्षाच्या करारावर. वॅग्नर सिएटलला सुपर बोल जिंकलेला आणि तेव्हा तिथला डिफेन्सचा कोच हाच क्विन होता, अर्ट्झ अॅरिझोनात आपल्या नव्या ऑफेन्स कोचच्या, म्हणजे क्लिफ किंग्सबरीच्या हाताखाली खेळलेला. म्हणजे नुसती मोठी नावं नव्हती, कोचला काय हवंय ते आधीच पाठ असलेली माणसं होती. नवीन कोच आला की पहिले तीन चार महिने पोरांना कोचची भाषा कळण्यातच जातात, ती भाषा येणारा एक माणूस ड्रेसिंग रूममध्ये असला की बाकीचे त्याच्याकडे बघून शिकतात.

आता हे का चालतं ते आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगायला हवं. मधला लाइनबॅकर, म्हणजे वॅग्नरची जागा, हा डिफेन्सचा मेंदू, त्याच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, कोचचा कॉल त्याला ऐकू येतो आणि तो बाकी दहा जणांना उभं करतो. समोरच्याची मांडणी बघून पुढे काय होणार हे त्याला दोन सेकंद आधी कळलं तर पाय थोडे हळू झाले तरी भागतं. टाइट एंडचंही (पास पकडणारा आणि अडवणाराही, ही अर्ट्झची जागा) तसंच, अर्ट्झ काही कोणाला पळून मागे टाकत नव्हता, पण डिफेन्समधली मोकळी जागा कुठे आहे ते त्याला कळायचं आणि घाबरलेल्या पहिल्या वर्षाच्या क्वार्टरबॅकला नजर टाकली की तो तिथे उभा दिसायचा. त्या वर्षी त्याने ६६ कॅच घेतले, ७ टचडाउन केले. वॅग्नरचे १३२ टॅकल. टीम १२-५, टॅम्पाला हरवलं, मग डेट्रॉइटला त्यांच्याच घरी ४५-३१, आणि १९९१ च्या सीझननंतर पहिल्यांदा एनएफसी फायनल, म्हणजे सुपर बोलच्या आधीची मॅच. तिथे फिलाडेल्फियाने ५५-२३ धुतलं हे खरं पण तिथवर पोचू असं सीझनच्या आधी कोणी म्हटलं नव्हतं.

यात पैशाचा हिशोब पण आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एनएफएलमध्ये प्रत्येक टीमला खर्चाची एकच मर्यादा असते, २०२४ ला ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. ड्राफ्टच्या पहिल्या राउंडचा पोरगा चार वर्षं ठरलेल्या पगारावर बांधलेला असतो, चांगला निघाला तरी पहिली तीन वर्षं तो बाजारभावाने नवा करार मागू शकत नाही. नावाजलेला क्वार्टरबॅक एकटा वर्षाला पाच कोटी डॉलरच्या वर घेतो, डॅनियल्सचा मात्र पूर्ण चार वर्षांचा करारच त्याहून कमी आहे. तो जो पैसा वाचतो तो वापरायची हीच वर्षं. मग तो वॅग्नरसारख्यावर एका वर्षापुरता घातला तर काय बिघडलं, वर्ष संपलं, करार संपला, कोणाचं काही देणं नाही.

चूक इथून पुढे झाली. २०२४ च्या सीझनच्या मधेच न्यू ऑर्लीन्सकडून मार्शन लॅटिमोर हा कॉर्नर (समोरच्याचा पास अडवणारा) आणला, त्यासाठी तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या राउंडचे पिक दिले आणि त्याच्यासोबत एक पाचव्या राउंडचा परत मिळाला. मग २०२५ च्या मार्चमध्ये लॅरेमी टन्सिल आला, त्याच्यासाठी तिसऱ्या राउंडचा पिक गेला, आणि पुढच्या वर्षाचा दुसऱ्या राउंडचा पण. पास पकडणाऱ्या डीबो सॅम्युएलसाठी पाचव्याचा. प्रत्येक सौदा वेगळा बघितला तर समजून घेता येतो, टन्सिलचा तर मी आजही बरोबरच म्हणेन कारण डॅनियल्सची डावी बाजू सांभाळणारा कोणी हवाच होता आणि पहिल्या राउंडमध्ये घेतलेला जॉश कॉनर्ली हा पोरगा त्याच्या शेजारच्या खोलीत बसून तेच काम शिकणार होता. पण सगळं मिळून २०२५ च्या ड्राफ्टमध्ये टीमने फक्त पाच पोरं घेतली. सात राउंडचा ड्राफ्ट असतो हो. आणि डिफेन्समध्ये वॅग्नर ३५ चा, उन्हाळ्यात आणलेला वॉन मिलर ३६ चा, मागे उभं राहायला तरणं कोणीच नाही, सीझन सुरू झाला तेव्हा वयाच्या बाबतीत लीगमध्ये आमचीच टीम सगळ्यात वरती.

मग जे व्हायचं ते झालं. दुसऱ्याच मॅचमध्ये ग्रीन बेला ऑस्टिन एकेलरची टाचेची शीर तुटली, डिफेन्सचा डिट्रिच वाइझही त्याच मॅचमध्ये जखमी होऊन बाहेर गेला. नोव्हेंबरमध्ये सिएटलविरुद्ध डॅनियल्सचा डावा कोपर निखळला, मॅच कधीच हातातून गेली होती तरी तो मैदानावर होता याचा राग मला अजून येतो. त्याच मॅचमध्ये लॅटिमोरचा गुडघा. डिसेंबरमध्ये मिनेसोटात अर्ट्झचा गुडघा. डॅनियल्स निम्म्याहून जास्त मॅच बाहेर होता, आणि तो नसेल तर या म्हाताऱ्यांना आणायचा मुद्दाच उरत नाही कारण ते त्याच्यासाठी आणलेले.

आपल्याकडचे लोक लगेच चेन्नईचं उदाहरण देतात. २०१८ ला तिशी ओलांडलेले गोळा केले, डॅड्स आर्मी म्हणून हसले लोक, आणि वानखेडेवर फायनलमध्ये ३६ वर्षांच्या शेन वॉटसनने नाबाद ११७ मारून कप नेला. बरोबर आहे, पण क्रिकेटमध्ये दमलेल्या माणसाला स्लिपला उभं करता येतं. फुटबॉलमध्ये प्रत्येक स्नॅपला, म्हणजे बॉल खेळात आला की दर वेळी, सव्वाशे दीडशे किलोचा माणूस अंगावर येतो, १७ मॅच. तिथे वय लपवता येत नाही, म्हणून मागे कोणीतरी तरुण तयार लागतोच.

आणि हे वॉशिंग्टनला नवीन नाही. १९७१ ला जॉर्ज ऍलन कोच म्हणून आला, त्याचं म्हणणं भविष्य म्हणजे आत्ताच, त्याने पिकवर पिक देऊन लॉस एंजलिसहून आपले जुने खेळाडू आणि इतर टीमचे म्हातारे आणले. लोक त्यांना उताराला लागलेली टोळी म्हणायचे. पुढच्याच वर्षी टीम सुपर बोलला गेली आणि सतरापैकी एकही न हरलेल्या मायामीकडून १४-७ ने हरली. ऍलनच्या सात वर्षांत एकही सीझन हरण्याचा नव्हता, हा माणूस मोठाच होता. पण किंमत बघा, १९६८ नंतर पहिल्या राउंडचा पोरगा या टीमने थेट १९८० ला घेतला, तो आर्ट मंक. मधली अकरा वर्षं, त्यातली पहिली दोन ऍलनच्या आधीची, त्या राउंडमध्ये कोणीच नाही.

२००० साल तर मला वाटतं उलट टोकाचं. मालक डॅन स्नायडर, त्याने पिक फार दिले नाहीत, पैसा ओतला. ३३ वर्षांचा डिऑन सँडर्स सात वर्षांच्या ५ कोटी ६० लाख डॉलरच्या करारावर, ३७ चा ब्रूस स्मिथ, जेफ जॉर्ज, आणि त्या उन्हाळ्यात इथे अॅशबर्नला सराव बघायला लोकांकडून तिकिटाचे पैसेसुद्धा घेतले. शेवट ८-८, कोच मधेच काढला. डिऑन एक सीझन खेळून निवृत्त झाला. पैसे दिले तरी वर्षं सात लिहिली, तेच नडलं.

मला जो नमुना आवडतो तो १९८२ चा. जो गिब्स कोच. बॉल घेऊन पळणारा जॉन रिगिन्स १९७६ ला फ्री एजंट म्हणून आलेला, म्हणजे त्याच्यासाठी पिक गेला नव्हता, १९८० चं पूर्ण वर्ष तो घरी बसला होता, गिब्स स्वतः कॅन्ससला जाऊन त्याला परत घेऊन आला. आणि त्याच्यापुढे जागा मोकळी करायला उभी होती ती बहुतेक पोरं, रस ग्रिम, मार्क मे, जो जेकोबी, तिघंही १९८१ ला आलेले, जेकोबी तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाच नव्हता. सुपर बोलमध्ये त्याच मायामीविरुद्ध चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, आणि एक यार्ड हवा असताना ३३ वर्षांचा रिगिन्स ४३ यार्ड पळाला. २७-१७. एक म्हातारा आणि त्याच्यापुढे अडवणारी बहुतेक तरुण फळी, आणि त्या म्हाताऱ्यासाठी पुढचं वर्ष गहाण नव्हतं.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की डॅनियल्स स्वस्त आहे तोवर पीटर्सने जुने खेळाडू जरूर घ्यावेत, एका वर्षाच्या करारावर, पैशाने, आणि ज्या जागेवर डोकं चालतं तिथेच. धावायच्या जागा, कॉर्नर, एज (बाजूने क्वार्टरबॅकवर चाल करणारा), तिथे ड्राफ्टमधून पोरं हवीत आणि ती चुकली तरी खेळवायला हवीत. वॅग्नरला अजून वर्षभर ठेवायचं असेल तर ठेवा पण त्याच्या शेजारी जो पोरगा असेल त्याला अर्धे स्नॅप मिळाले पाहिजेत, नाहीतर तो काय शिकणार. आणि टन्सिलचा एक अपवाद झाला तो झाला, दुसऱ्या, तिसऱ्या राउंडचा पिक कोणत्याही तिशीतल्या माणसासाठी परत देऊ नये, समोरचा कितीही मोठा असला तरी.

एक विनंती आपल्याला. आपल्या क्रीडा पानावर फेब्रुवारीत सुपर बोलची चौकट येते आणि मग वर्षभर काहीच नाही. मार्चमध्ये फ्री एजन्सी उघडते, एप्रिलमध्ये ड्राफ्ट, टीम बनते ती तेव्हा. त्या दोन महिन्यांत अर्धा कॉलम दिलात तरी पुणे, नाशिक, नागपूरला मोबाइलवर हा खेळ बघणाऱ्या पोरांना ही टीम १२-५ ची ५-१२ कशी झाली हे मराठीत वाचायला मिळेल.

आपला,
एक नियमित वाचक
अॅशबर्न, व्हर्जिनिया