दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना, पायपेटीसह

काका, सा. न.

तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "बरं बरं, आता चहा टाक" म्हणून विषय मिटवला असता. रविवारी तेच केलंत. म्हणून लिहून काढतेय, आणि सगळ्या बिल्डिंगने वाचावं असं उघडं लिहितेय, कारण यात थोडी माफीही आहे.

माफी आधी. सहा वर्षं मी तुमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहते. दर गुरुवारी तुमच्या घरचं भजन जिन्यातून वर येतं. तरी मुलांसाठी परीकथांच्या ऑपेरातली आणि म्युझिकलमधली गाणी बसवायची ठरली, तेव्हा साथीला माणूस शोधत मी वाशीपर्यंत जाऊन आले. तुम्हाला विचारावं हे मनातसुद्धा आलं नाही. पेटीवाल्या काकांना मोझार्टशी काय देणंघेणं, असं कुठेतरी गृहीत धरलं होतं. खरं सांगते, लाज वाटते.

मग शनिवारी दुपारी फोन आला. भाड्याने सांगितलेला डिजिटल पियानो एका लग्नाला गेला होता. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी पाचला. मी जिन्यात बसून रडत होते (लिफ्ट बंद, त्यामुळे सगळ्यांनी पाहिलं), तेव्हा तुम्ही दार उघडून विचारलंत, "सूर कुठला लागतो मुलींना?"

तुमच्याकडे वडिलांची नाटकातली पायपेटी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. चौघांनी ती जिन्यावरून खाली हॉलमध्ये उतरवली. मध्य सप्तकातला एक सूर चिकटून बसला होता, तो तुम्ही पट्टी काढून रंगाच्या ब्रशने मोकळा केलात. पायट्याच्या बिजागरीला मेणबत्ती घासलीत. "कुरकुर थोडी राहील, वय झालंय," म्हणालात. कुणाचं ते विचारलं नाही.

आम्ही मुख्य धरला होता तो 'हॅन्सेल आणि ग्रेटेल'. हा ऑपेरा जन्मला तोच मुळात घरात. आडेलहाइड वेट्टे या बाईने आपल्या मुलांच्या घरगुती खेळासाठी गाणी लिहिली, भावाकडून, म्हणजे एंगेलबर्ट हुम्परडिंककडून, चाली करून घेतल्या, आणि पुढे त्याचा ऑपेरा होऊन 23 डिसेंबर 1893 रोजी वायमारला रिखार्ड श्ट्राउसच्या हाताखाली उभा राहिला. हे मी सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे सोसायटीचा हॉल चालेल त्याला." हॅन्सेलचं काम बाई करते म्हटल्यावर तर तुम्ही खूशच झालात. "आमच्याकडे बालगंधर्व भामिनी करायचे, त्यांच्याकडे बाई पोरगा करते. फिट्टंफाट!"

पण तुमचं खरं काम पुढचं, आणि ते प्रेक्षकांना दिसलंच नाही. जंगलात वाट चुकलेली ती दोघं भावंडं झोपण्याआधी प्रार्थना म्हणतात, चौदा देवदूत आपल्याभोवती उभे आहेत अशी. तुम्ही ऐकून लगेच म्हणालात, "हे तर त्यांचं शुभंकरोति." मी शब्द मराठीत केले होते, आणि मनातून बराच अभिमान होता त्यांचा. 'उशापाशी दोघे, पायापाशी दोघे.' तुम्ही दोनदा वाजवून थांबलात. "जोर पहिल्या अक्षरावर येतोय. 'उ' ऱ्हस्व आहे, ताणलास की 'ऊशापाशी' होतं. 'डोक्यापाशी' कर." केलं. एवढ्या एका अक्षराने ओळ जागेवर बसली, महिनाभर अडखळणाऱ्या मुली सरळ गायला लागल्या. मूळ पट्टी त्यांना चढ जात होती, ती तुम्ही पांढरी एकवर आणलीत. आणि पायाने भाता चालतो म्हणून दोन्ही हात मोकळे: उजव्यात मुलींचे दोन आवाज, डाव्यात खालचे सूर. हाताच्या पेटीवर हे जमलं नसतं.

नांदीचा हट्टही तुमचाच. मोझार्टच्या आधी किर्लोस्करांच्या 1880 च्या 'शाकुंतला'तली नांदी! मी कुरकुरले होते, पण 'गडकरी रंगायतन'मध्ये वर्षानुवर्षं संगीत नाटकं पाहिलेल्या पहिल्या रांगेतल्या आज्या ताठ बसून गायला लागल्या, तेव्हा माझं तोंड बंद झालं. त्यानंतर 'मॅजिक फ्लूट'मधल्या पापागेनो-पापागेनाच्या 'पा-पा-पा'वर बालवाडीतली फौज स्टेजवरच चढली. रोसिनीच्या 1817 च्या सिंड्रेलाच्या गोष्टीत काचेचा बूट नाही, कडं आहे, आणि सावत्र आईऐवजी सावत्र बाप आहे, हे मात्र कुणालाच पटलं नाही. "बूट हरवला का?" असं एकाने शेवटपर्यंत विचारलं. रॉजर्स-हॅमरस्टाइनने 1957 साली टीव्हीसाठी केलेल्या 'सिंड्रेला'तला वॉल्ट्झ तुम्ही "दादराच की" म्हणत तबल्यावरच्या मुलाला खुणावून उचललात. चेटकिणीचं काम केलेल्या बी विंगमधल्या दादाला पाहून 'अलबत्या गलबत्या'तले प्रभावळकर आठवणाऱ्या आया हसल्या आणि त्यांची पोरं रडली. चिक्कीचं छप्पर असलेलं तिचं घर मध्यंतरापर्यंतही टिकलं नाही. असो.

ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते आता. प्रार्थनेच्या मध्यावर गाणाऱ्या दोघींतली धाकटी थांबली. समोर वडील मोबाइल उंच धरून उभे राहिले, तिने तिकडे पाहिलं आणि शब्द गेले. थोरलीही गप्प. मी पडद्याआड, हातातला कागद चुरगाळत. पियानो असता तर सूर विरून गेला असता आणि हॉलभर ती शांतता पसरली असती. तुम्ही बोटं उचललीच नाहीत. तोच मेळ धरून ठेवलात, पाय सावकाश चालू. हॉलमध्ये तेवढाच सूर आणि तुमच्या पायट्याची कुरकुर. मान वळवून तुम्ही तिच्याकडे पाहत होतात. घाई करणारं काही त्या बघण्यात नव्हतं. मग उजव्या हाताने तिचा एकटीचा सूर हलकेच पुढे केलात, आणि ती 'पायापाशी' म्हणत आत आली.

किती वेळ गेला असेल? मला तास वाटला. व्हिडिओत पाहिलं, अकरा सेकंद. धाकटीला नंतर विचारलं, घाबरलीस का? म्हणाली, "नाही, काका थांबले होते ना."

हे कुठे शिकलात, असं मी रविवारी विचारलं होतं. नट भाषणात अडकला की बाबा सूर धरून बसायचे, एवढंच म्हणालात, आणि चहाचं काढलंत.

आता एक कामाचं. पायपेटी अजून हॉलमध्येच आहे. सेक्रेटरी दोनदा विचारून गेले, वर कधी नेणार म्हणून. मी त्यांना सांगितलंय की लिफ्ट बंद आहे. ती मंगळवारीच सुरू झाली, हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यांनाही. पण दोघी रोज संध्याकाळी सहाला खाली जाऊन तिच्यापाशी बसतात, आणि पाय पोचत नाहीत म्हणून एक जण खाली बसून हाताने पायटे दाबते. तुम्ही उद्या सहाला खाली याल का? चहा मी आणते.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची
नौपाडा, ठाणे